फॉरवर्ड करण्याआधी : व्हॉट्सॲप, अफवा आणि आपला समाज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळा, बचत गट आणि वाचनालयं अशा ठिकाणी मी काही वर्षं मोबाइलवरच्या अफवांबद्दल बोलते आहे. कार्यक्रम संपला की खरे प्रश्न सुरू होतात, कधी चहाच्या कपाबरोबर, कधी एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत चालताना. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहिले आहेत.

सोशल मीडियाने समाज बिघडवला, असं तुम्हाला वाटतं का?

सरसकट तसं म्हणवत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ज्या घरात कधी वर्तमानपत्र येत नव्हतं, त्या घरातही व्हॉट्सॲप आलं. लासलगावचा कांद्याचा भाव शेतकऱ्याला बांधावर बसून कळू लागला. परगावी नांदणारी लेक आईला रोज दिसू लागली. भजनी मंडळांचे, दहावीच्या बॅचचे, द्राक्ष बागायतदारांचे ग्रुप झाले. रात्री दोन वाजता रक्त मिळालं ते ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे, असं सांगणारी माणसं मला प्रत्येक गावात भेटतात.

माझी काळजी वेगळी आहे. गावात पूर्वीही अफवा उठायची, पण ती पायी चालायची. पारावर कुणीतरी विचारायचं, "तुला कुणी सांगितलं?" त्या एका प्रश्नावर निम्म्या अफवा मरायच्या. मोबाइलवर हा प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही.

तुम्ही नेहमी राईनपाड्याचं उदाहरण देता. तिथे नक्की काय झालं होतं?

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि गावात आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं तिथे आली होती. हा भटका समाज. भिक्षा मागत गावोगाव फिरायचं, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत.

त्याआधी काही दिवस त्या भागातल्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता : मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. बाजारात या अनोळखी माणसांवर कुणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच कोंडून मारलं. पाच माणसं गेली. ज्या खोलीत गावाचे दाखले मिळतात, त्या खोलीत.

याच रात्री मालेगावातही एका कुटुंबावर मुलं पळवल्याच्या संशयाने जमाव चालून गेला. त्यांच्यासोबत तर स्वतःचंच लहान मूल होतं. पण तिथे त्यांना आसरा देणारं कुणीतरी निघालं, पोलीस वेळेत पोहोचले आणि ते कुटुंब वाचलं. मी राईनपाड्यासोबत मालेगावही सांगतेच, कारण जमावासमोरही एखादा माणूस दार उघडू शकतो, हे मुलांना कळलं पाहिजे.

मेसेजसोबत व्हिडिओही होते म्हणे. तेही खोटे होते का?

व्हिडिओ खरे होते, त्यांच्याबद्दल सांगितलेली गोष्ट खोटी होती. त्या वर्षी देशभर खूप फिरलेल्या एका क्लिपमध्ये गल्लीत मुलं क्रिकेट खेळताना दिसतात. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. ही क्लिप भारतातली नव्हतीच. पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे त्या मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी संदेश दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला.

नववीच्या वर्गात मी ही क्लिप आधी अर्धीच दाखवते आणि विचारते, "हे तुमच्या मोबाइलवर आलं तर काय कराल?" जवळजवळ सगळे हात वर होतात. फॉरवर्ड करणार, म्हणजे लोक सावध होतील. मग मी उरलेली क्लिप दाखवते. मोटारसायकल परत येते, मूल खाली उतरतं. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता होते. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ज्याने कापलं त्याला माहीत होतं ना?"

हो, त्याला माहीत होतं. पुढे पाठवणाऱ्या लाखो लोकांना माहीत नव्हतं. त्याचा गुन्हा आणि यांची चूक एका मापाची नाही, पण यांच्या हाताशिवाय त्याची कात्री काही करू शकली नसती. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी कार्यक्रमाची मांडणीच बदलली. आता सुरुवात तिच्या प्रश्नाने करते.

शिकलेली माणसं अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाहीत ना?

ठेवतात. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, सगळे ठेवतात. मेसेज खरा वाटतो तो पाठवणाऱ्यामुळे. आत्याने पाठवलं, शेजारच्या काकांनी पाठवलं, म्हणजे त्यांनी विचार करूनच पाठवलं असेल, असं आपण धरून चालतो. आत्याने तेच तिच्या नणंदेबद्दल धरलेलं असतं. विश्वासाची अशी साखळी तयार होते आणि तिच्या पहिल्या कडीला कोण आहे ते कुणालाच दिसत नाही.

राईनपाड्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. भटक्या माणसाकडे संशयाने पाहायची सवय आपल्याला मोबाइलने लावलेली नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो पुसला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कागदावरचा शिक्का गेला तरी पालं टाकून राहणाऱ्या, वेगळी बोली बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला पाहिलं की "हे कोण आलेत?" असं अजूनही विचारलं जातं. अफवेला तयार जमीन मिळाली. पाऊस मोबाइलने पाडला, पण नांगरट आधीच झालेली होती.

खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा वेगाने का पसरते?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या तीन संशोधकांनी यावर मोठा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि हा फरक यंत्राने चालवलेल्या खात्यांमुळे पडत नव्हता, माणसांमुळेच पडत होता.

कारण समजायला सोपं आहे. खोटी बातमी रचणाऱ्याला वस्तुस्थितीचं बंधन नसतं, त्यामुळे ती कायम नवलाची, किळस आणणारी किंवा घाबरवणारी असते. "आज बाजारात काही घडलं नाही" हे खरं असलं तरी ते कोण कुणाला पाठवणार?

पण मी चांगल्या हेतूनेच पाठवते. त्यात काय चुकलं?

हा प्रश्न मला स्वतःला छळून गेला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेड कुठे मिळेल याच्या याद्या दिवसाला शंभर येत होत्या. त्यातली एक यादी मी सहा ग्रुपवर टाकली. बावीस फोन नंबर होते. मी एकही लावून पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या दिरासाठी तिने रात्रभर त्या यादीतले नंबर लावले होते. काही बंद, काही चुकीचे, एक तर कुणा शिंपीकाम करणाऱ्या आजोबांचा. त्यांना दिवसभर असेच फोन येत होते आणि ते प्रत्येकाची माफी मागत होते. तिचे दीर वाचले, दुसऱ्या मार्गाने. पण त्या रात्रीचे चार तास मी तिच्याकडून घेतले, हे मी विसरू शकत नाही.

त्याच दिवसांत काही तरुण पोरं प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून पुढे लिहायची : दुपारी ४.१० ला विचारलं, दोन बेड आहेत. तसला एक मेसेज माझ्यासारख्यांच्या शंभर फॉरवर्डपेक्षा उपयोगाचा होता. तेव्हापासून माझा नियम आहे. मदतीचा मेसेज असेल तर आधी मी फोन लावते, मग तारीख आणि वेळ घालून माझ्या शब्दांत लिहिते. ते जमणार नसेल तर पाठवत नाही.

मेसेजवर दोन बाण दिसतात, त्याचा अर्थ काय?

एक बाण आणि 'फॉरवर्डेड' असं लिहिलेलं असेल तर तो मेसेज समोरच्याने स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण असतील तर तो किमान पाच हातांतून पुढे सरकत आलेला आहे. दोन बाण दिसले की थांबायचं, एवढी एक सवय लागली तरी खूप झालं.

ही खूण आली ती २०१८ च्या घटनांनंतरच. त्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने फॉरवर्डचं लेबल आणलं आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०, म्हणजे लॉकडाऊनच्या काळात, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही त्या दिवसांत चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या.

कंपनीच्या मर्यादा उपयोगी आहेत, पण राईनपाड्यात पाच माणसांचे जीव गेल्यावर त्या आल्या. पुढे पाठवण्याचं बटण इतकं सोपं करताना हा विचार आधी व्हायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

अफवा कुणी सुरू केली ते व्हॉट्सॲप शोधून देऊ शकत नाही का?

व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून पूर्णपणे कुलूपबंद असतो. पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कंपनीलाही वाचता येत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत मूळ पाठवणारा शोधून देण्याची अट घातली आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. सरकारचं म्हणणं मला समजतं, कारण राईनपाड्याचा पहिला मेसेज कुणाचा हे जाणून घ्यावं असं कुणालाही वाटेल. पण नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला लिहिणारी बाई, भ्रष्टाचाराची माहिती देणारा कारकून, हेही त्याच कुलपावर विसंबून असतात. ते कुलूप तोडू नये, या बाजूची मी आहे.

मी ग्रुप ॲडमिन आहे. कुणी भलतंसलतं टाकलं तर मला अटक होईल का?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. सदस्याने काय लिहावं यावर ॲडमिनचा आधी ताबा नसतो, त्यामुळे समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला नाही तर सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी ॲडमिनवर येत नाही. पण ॲडमिनला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. ते करा, आणि का पुसला ते दोन ओळींत लिहा. नुसता पुसला तर लोकांना वाटतं की काहीतरी दाबलं.

मनातलं लिहिलं तरी पोलीस पकडतात म्हणे?

पालघरमध्येच नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्याच्या आधारे अशा अटका होत होत्या, ते रद्द झालं. मत मांडणं हा गुन्हा नाही. मात्र समाजात भीती किंवा वैर पसरवण्याच्या हेतूने खोटी माहिती किंवा अफवा पसरवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मग खरं काय आणि खोटं काय, हे सरकारनेच का ठरवू नये?

सरकारच्या कामकाजाबद्दलच्या बातम्यांपुरतं ते ठरवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. मला तो निकाल पटतो. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ती खोटी ठरवायची, हे बरोबर नाही.

घरच्या घरी मेसेज कसा तपासायचा?

मेसेजमध्ये तारीख आणि गावाचं नाव शोधा. "आत्ताच", "आपल्या भागात", "काल रात्री" असले शब्द असतील तर तो मेसेज दर वर्षी नव्याने फिरू शकतो. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका. आधी कुठे छापला गेलाय ते बहुतेक वेळा लगेच दिसतं. व्हिडिओ असेल तर आवाज वाढवा, मागे कोणती भाषा बोलली जाते ते ऐका, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर बघा. कराचीची क्लिप इतक्यावरच ओळखता आली असती. मुलं पळवण्याची बातमी असेल तर पोलीस ठाण्यात फोन करा किंवा ११२ लावा. आणि "दहा जणांना पाठवा" असं लिहिलेलं असेल तर आणखी तपासू नका, पुसून टाका.

घरातल्या मोठ्यांना कसं सांगायचं? त्यांना राग येतो.

येणारच. माझ्या बाबांनी एकदा घरच्या ग्रुपवर मधुमेहाची गोळी बंद करून अमुक काढा घ्या, असा मेसेज टाकला. मी लगेच सगळ्यांसमोर लिहिलं, "बाबा, हे खोटं आहे." खाली दोन चुलत भावांचे अंगठे आले. बाबांनी महिनाभर ग्रुपवर शुभ सकाळसुद्धा टाकलं नाही. आईने फोनवर सांगितलं, "ते रोज ग्रुप उघडून बघतात गं, पण लिहीत नाहीत."

मी घरी गेले तेव्हा माफी मागितली. मग त्यांच्याशेजारी बसून विचारलं, "तुम्ही हिशेबनीस होतात, व्हाउचर नसेल तर नोंद करायचात का?" बाबा हसले. म्हणाले, "मग या मेसेजचं व्हाउचर कुठाय, असं विचारायचं होतंस." आता काही आलं की ते मला एकटीलाच पाठवतात, खाली लिहितात : व्हाउचर?

मोठ्या माणसाला चारचौघांत खोडून काढू नका. फोन करा. त्यांच्या कामधंद्यातला शब्द वापरा. शेतकऱ्याला बियाण्याची पावती, गृहिणीला दुधाचं माप. तपासणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. फक्त मोबाइलवरही ते करायचं असतं, एवढंच सांगायचं असतं.

मुलांचं काय? मोबाइल काढूनच घ्यावा का?

एकट्याने काढून घेतलात तर फक्त भांडण होईल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने काय केलं ते बघा. ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मला यातलं "मोठ्यांचेसुद्धा" महत्त्वाचं वाटतं. बाप रील बघत बसलेला असताना मुलगा पुस्तक उघडणार नाही.

सरकारंही हलली आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. पण ज्या घरात आठवीतली मुलगीच आईला ओटीपी वाचून दाखवते, तिथे संमती कोण कुणाची देणार, हा प्रश्न मला बचत गटातल्या बायकांनीच विचारला. कायदा करणाऱ्यांनी याचं उत्तर दिलं पाहिजे.

पुढच्या पाच-दहा वर्षांत काय होईल?

आजवर अफवेसाठी कुठली तरी खरी क्लिप शोधून कापावी लागत होती. आता ती लागणार नाही. माणसाचा थोडा आवाज मिळाला की एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून त्या आवाजात काहीही बोलवता येतं. मुलाच्या आवाजात "आई, मला पकडलंय, पैसे पाठव" असे फोन करता येतात. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारे, म्हणजे अटकेची भीती दाखवून पैसे उकळणारे तर आजच आहेत. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

फोनवरचा आवाज खरंच घरच्या माणसाचा आहे का ते ओळखायला घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. आजीच्या माहेरच्या गाईचं नाव चालेल. ग्रुपवर मात्र लिहू नका.

कंटाळा आला आहे. सगळे ग्रुप सोडून द्यावेत का?

सोडू शकता. २०२२ पासून गुपचूप बाहेर पडता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते. नातेवाइकांचा ग्रुप असेल तर म्यूट करून ठेवा, लग्नाच्या पत्रिका तिथेच येतात.

गावाचा ग्रुप मात्र सोडू नका. वीज कधी जाणार, टँकर कधी येणार ते तिथे कळतं. आणि एखाद्या दिवशी तिथे "टोळी आली आहे" असा मेसेज आला, तर "तुला कुणी सांगितलं?" असं लिहिणारं एक तरी माणूस त्या ग्रुपमध्ये असलं पाहिजे.